खाजणावरची झाडं

जुलै २०१९ मध्ये आम्ही उरणच्या द्रोणागिरी नोडमध्ये एका रस्त्याच्या कडेला ८० रोपं लावली. गुलमोहर, ताम्हण, बहावा, सोनचाफा. रोपं फुकट मिळाली होती, म्हणून मिळाली ती लावली. सोसायटीतली पोरंटोरं, त्यांचे आईवडील, सगळे चिखलात उतरले. पाऊस असा झोडपत होता की आळ्यात पाणी मावत नव्हतं. दसऱ्याला रोपं टवटवीत होती. मी निश्चिंत झाले आणि तिथंच चुकले.

फेब्रुवारीत ताम्हणाची पानं करपायला लागली. आधी टोक, मग कडा, मधला भाग मात्र हिरवाच. पाणी कमी पडतंय असं वाटून आम्ही रोज प्रत्येक रोपाला अर्धी बादली पाणी घालायला लागलो. करपणं थांबेना. मार्चअखेर टाळेबंदी लागली, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानं रायगडला झोडपलं आणि झाडं का गेली हे सांगायला मला दोन कारणं आयती मिळाली. वर्षभर मी तीच सांगत राहिले. पण करपणं तर त्या दोन्हींच्या आधीच सुरू झालं होतं.

खरं कारण मला आमच्याकडे म्हावरं विकायला येणाऱ्या आजींनी दाखवलं. एका मेलेल्या रोपाच्या आळ्यातली चिमूटभर माती त्यांनी उचलली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. ‘‘बाय, खारी माती हाय ही. हितं झार नाय जगाचा.’’ मग उभ्या उभ्याच त्यांनी हात करून सगळं दाखवलं. इकडे सासऱ्यांची खारी भातशेती, तो तिथं बांध, पलीकडे मिठागर. ज्या रस्त्यावर आम्ही उभे होतो, तिथं त्यांच्या लहानपणी भरतीचं पाणी यायचं.

आम्ही भरावावर झाडं लावली होती. वर मुरूम आणि डबर, खाली खाजण. पावसाळ्यात गोडं पाणी मीठ खाली दाबून ठेवतं, म्हणून दसऱ्यापर्यंत सगळं झकास दिसतं. थंडी सरली की ऊन जमिनीतलं पाणी वर ओढतं, त्याच्याबरोबर मीठ येतं, पाणी उडून जातं आणि मीठ मुळांशी साचतं. आमच्या रोजच्या अर्ध्या बादलीनं तर घातच केला. तेवढं पाणी खोल जातच नाही, वरच्या वर उडतं आणि मीठ होतं तिथंच राहतं. त्यात खड्डे कडक मुरमात पहारीनं खणलेले. पावसात त्यांचा हौद व्हायचा आणि उन्हाळ्यात ती कुंडी व्हायची, मूळ बाहेर पडायला वाट नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं. रोपं मागवण्याआधी त्या जागेवर पूर्वी काय होतं ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. मग माती तपासून घ्या, तीही एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यातल्या नमुन्यात मीठ लपतं. अहवालात विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर दिसली तर ती जमीन खारी. कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला, म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. मला त्याचा पत्ता ८० रोपं लावून झाल्यावर लागला. आणि उरणमध्ये तेलाच्या, वायूच्या वाहिन्या कुठून गेल्यात याची विचारणा केल्याशिवाय पहार उचलूच नका.

दुसऱ्या वेळी आम्ही खोल खणलंच नाही. गोड्या मातीचे दीड-दोन फूट उंच ओटे केले, शेणखत घातलं आणि रोप ओट्यावर लावलं, म्हणजे पावसाबरोबर मीठ खाली उतरून बाजूला निघून जातं. आळ्यावर पालापाचोळ्याचा चांगला वीतभर थर दिला, ऊन थेट मातीला लागू दिलं नाही. पाणी आठवड्यातून एकदा, पण भरपूर. झाडंही किनाऱ्याचीच निवडली, करंज, पारोसा भेंड, उंडी. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला जायचं, लाकूड होड्यांना. हे सांगितल्यावर कोळीवाड्यातली माणसं आपणहून रोप मागायला आली. फुकट मिळालेला गुलमोहर मागायला कुणी आलं नव्हतं.

लोकसहभागाबद्दल माझी समजूत इथंच बदलली. पहिल्या वेळी १५० माणसं आली होती, पण झाड एकाचंही नव्हतं. याच तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबारात माणसं गेली. ती माणसं जंगलावरचा आपला हक्क मागत होती. झाड माणसाच्या रोजच्या जगण्यात असेल तर त्याच्यासाठी माणूस उभा राहतो. म्हणून आता आम्ही रांगेत खड्डे मारत नाही. आधी माणूस शोधतो, रिक्षा स्टँडवरचा, चहाच्या टपरीवरचा, इस्त्रीवाला, आणि त्याला विचारतो की सावली कुठं हवी. तो बोट दाखवतो तिथं ओटा. दुसऱ्या खेपेला १९ झाडं लावली. पहिल्या ८० पैकी ६ उरली होती, या १९ पैकी १६ उभी आहेत.

दोन बारीक गोष्टी, पण झाडं मारणाऱ्या. आधाराच्या काठीला बांधलेली सुतळी वर्षानं सोडून पुन्हा सैल बांधा. एका करंजाच्या खोडात ती अर्धा इंच रुतलेली मी ब्लेडनं काढली, आत साल काळी पडली होती. आणि पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली की जाऊन उभे राहा, खोडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवून घ्या.

आणखी एक. आमचं पहिलं अपयश बघून एकानं सुचवलं होतं, इथल्याच पाणजेकडे एवढी मोकळी जागा पडून आहे, तिथं लावू. मी जवळजवळ हो म्हणणार होते. ती जागा पडून नाही. पाणथळ आहे ती. रोहित (फ्लेमिंगो) आणि दूरच्या उत्तरेकडून येणारे पाणपक्षी तिथं उघड्या चिखलात चरतात. त्यांना झाडं नकोत, चारी दिशा दिसणारा उघडा चिखल हवा. तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, बाबतीतही तेच, ती जागाही पडून नसते. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीला आणि तिच्यावर भराव टाकायला मनाई केली. तिवरांचं वन हे आधीच लावून झालेलं वन आहे. जुनी खाडी बुजवून तिच्यावर नवी बाग करण्याला वृक्षारोपण म्हणू नका.

गेल्या आठवड्यात टपरीवाल्या दादांनी दुसरं रोप मागितलं. त्यांचा पहिला भेंड आता छपराच्या वर गेलाय. या वेळी मागच्या बाजूला सावली हवी आहे. मी विचारलं, ‘‘मागं पूर्वी काय होतं?’’

‘‘मिठागर,’’ ते म्हणाले.

मातीच्या ट्रॅक्टरला फोन करून ठेवला आहे. रोप त्यानंतर.