आवाज आवरणारा दिवा
(द्वितीय वर्ष, कला)

मी कला शाखेचा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच. विजेचे काम सायन्सवाल्यांचे, असे मला अनेकांनी ऐकविले. परंतु एकदा गावी सप्ताहात कीर्तन रंगात आले असता भोंगा एकाएकी कर्कश शिट्टी मारू लागला आणि मनात प्रश्न आला : ही शिट्टी कोणी वाजवीत नाही, मग ती वाढते कशी?

कारण असे. भोंग्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, अॅम्प्लिफायर तो वाढवितो, तोच परत भोंग्यातून बाहेर पडतो. एका फेरीत घट होते त्याहून वाढ अधिक झाली, की आवाज चढत जातो. अखेर अॅम्प्लिफायरची ताकद संपते, लहरींचे माथे कापले जातात व सूर फाटतो. हीच फेरी मंडलात मुद्दाम घडविली म्हणजे आंदोलक, अर्थात ऑसिलेटर, तयार होतो.

येथेच खरी अडचण आहे. वाढ किंचित कमी पडली तर लहर विझते. किंचित जास्त झाली तर फाटते. नेमकी बेतावी, तर उष्णतेने भागांची मापे बदलतात. पंचमीचा झोका देताना आपण पाहून हात आवरतो. यंत्राने कसे आवरावे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी विल्यम ह्यूलेट याने १९३९ च्या प्रबंधात सोपा उपाय योजला. त्याच्या 'वीन सेतू' मंडलात लहर एक तृतीयांश होऊन परतते. म्हणून वाढ बरोबर तिप्पट हवी. ही वाढ ठरविणाऱ्या रोधांपैकी एकाच्या जागी त्याने विजेचा छोटा दिवा जोडला. लहर मोठी झाली, की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो व वाढ तिपटीवर उतरते. लहर लहान झाली, की तार निवते व वाढ चढते. तार सावकाश तापत असल्याने लहरीचा आकार बिघडत नाही. मात्र फार कमी वारंवारतेला ती लहरीबरोबरच तापू-निवू लागते आणि दोष येतो. असे ८ आंदोलक डिस्ने कंपनीने 'फँटेशिया' या १९४० च्या चित्रपटासाठी विकत घेतले होते.

हे सारे मी घरी अण्णांना सांगितले. अण्णा शाळेत गेलेले नाहीत. ते म्हणाले, "म्हंजी दिवा उजेडासाठी न्हाईच?"

"नाही अण्णा, आवरण्यासाठी."

"मग त्यो कासराच की! बैल पळाला की ओढायचा, रेंगाळला की सैल सोडायचा."

पुस्तकातील दोन पाने मला अण्णांच्या या एका वाक्याने नीट समजली.