संवादाचा पहिला धडा : ऐकणे

विद्यार्थी रंगमंचावर उभा राहिला की आपली सारी दृष्टी त्याच्या वाणीवर असते. पाठांतर चोख आहे ना, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो ना, एवढेच आपण पाहतो. आम्हीही अनेक वर्षे तेच पाहिले. एका स्नेहसंमेलनासाठी आम्ही ‘मिलिंद प्रश्न’ या ग्रंथातील राजा मिलिंद व भिक्खू नागसेन यांचा संवाद बसविला होता. प्रयोगात राजा एक प्रश्न विसरला. तरीही नागसेनाने न विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर खणखणीत आवाजात देऊन टाकले. सभागृह हसले. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता. प्रत्येकाला आम्ही केवळ त्याच्या वाक्यांची नक्कल उतरवून दिली होती. मुले ऐकत नव्हती. आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

वास्तविक हा संवाद ऐकण्यावरच उभा आहे. केस म्हणजे नागसेन का, नखे म्हणजे नागसेन का, असे राजा एकेक अवयव घेऊन विचारतो. नागसेन ते नीट ऐकून घेतो आणि राजाच्याच पद्धतीने त्याला उलट विचारतो : आपण रथातून आलात; मग चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? राजाचा प्रश्न मनापासून ऐकल्याविना हे उत्तर सुचणेच शक्य नाही.

आपल्या लोकरंगभूमीचीही हीच शिकवण आहे. तमाशातील बतावणी सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर रंगते, आणि समोरच्याचा शब्द अचूक झेलल्याविना हजरजबाबीपणा येत नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी हाच प्रश्नोत्तरांचा बाज प्रबोधनासाठी वापरला.

म्हणून आता आम्ही तालमीची रीत बदलली आहे. प्रत्येकाला संपूर्ण प्रवेश वाचावयास देतो. आपले वाक्य बोलण्यापूर्वी समोरचा काय म्हणाला, ते स्वतःच्या शब्दांत सांगावयाचे. नंतर राजाने तोच प्रश्न एकदा कुतूहलाने व एकदा रागाने विचारावयाचा. नागसेनाचा सूर त्याप्रमाणे बदलला पाहिजे. शेवटी संपूर्ण प्रवेश आवाजाविना, केवळ नजरेने, ओठांनी व खुणांनी करावयाचा. इचलकरंजीच्या मुलांना हे अवघड जात नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात आपले आईवडील असेच एकमेकांचे बोलणे जाणून घेतात, हे त्यांनी पाहिलेले असते.

याचे मोल नाटकापुरते नाही. आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके केवळ हुकूम ऐकले. उलट प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरे. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला आणि मुक्या समाजाला वाणी दिली. त्या वाणीचा आम्हांस अभिमान आहे. परंतु हुकूम ऐकणे निराळे आणि बरोबरीच्या माणसाचे ऐकणे निराळे. वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच बोलेन, राजांच्या रीतीने नाही, अशी अट नागसेनाने घातली होती. कारण राजे विरोध करणाऱ्यास दंड करतात. आज आपल्या घरांत, सभांत व संघटनांत आपण कोणत्या रीतीने बोलतो?

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. पुढील संमेलनात बोलणाऱ्या मुलाबरोबर त्या क्षणी गप्प उभ्या असलेल्या मुलाकडेही पाहा. तो ऐकत असेल, तर शिक्षक म्हणून आमचे काम काही अंशी साधले असे आम्ही समजू.