९८ टक्के अचूक, तरीही चूक

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डावर लागली की एक गंमत दिसते. दहातल्या सहा-सात नावांच्या शेवटी ‘युजिंग मशीन लर्निंग’ असते. आमच्याही होते. पानाचा फोटो काढायचा, मोबाईलने टोमॅटोवरचा रोग ओळखायचा, असा आमचा प्रोजेक्ट. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी अचूकता विचारली, आम्ही छाती फुगवून ‘९८ टक्के’ म्हणालो, सरांनी मान डोलावली आणि विषय संपला. आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन वडापावची पार्टीसुद्धा केली.

खरा व्हायवा पंधरा दिवसांनी झाला. जुन्नर तालुक्यात, माझ्या मामाच्या शेतात. त्यात मी साफ नापास झाले. का झाले, हे समजून घेताना जे शिकले ते आपल्या ज्युनियर्सच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

डेटा मायनिंग म्हणजे नेमके काय?

थोडक्यात सांगायचे तर, माहितीच्या मोठ्या ढिगातून खरे, नवे आणि उपयोगी नमुने शोधून काढणे म्हणजे डेटा मायनिंग. कृत्रिम बुद्धिमत्तेतले, विशेषतः मशीन लर्निंगचे अल्गोरिदम ही त्या खाणीतली कुदळ-फावडी. १९९६ साली फय्याद, पियातेत्स्की-शापिरो आणि स्मिथ या तिघांनी एका लेखात या कामाच्या पाच पायऱ्या मांडल्या : माहिती निवडणे, ती साफ करणे, योग्य रूपात आणणे, नमुने शोधणे आणि शेवटी त्या नमुन्यांचा अर्थ लावणे. डेटा मायनिंग ही त्यातली फक्त चौथी पायरी. आपण मात्र परीक्षेसाठी चौथी पायरी पाठ करतो आणि बाकीच्या चार ‘इंट्रोडक्शन’मध्ये दोन मार्कांना उरकतो. माझी चूक इथूनच सुरू झाली.

कामाचे मुख्य प्रकार तीन. वर्गीकरण, म्हणजे ठरलेल्या गटांपैकी हे कोणत्या गटातले ते सांगणे. क्लस्टरिंग, म्हणजे गट आधी ठाऊक नसताना सारख्या गोष्टी एकत्र लावणे. आणि असोसिएशन, म्हणजे कशाबरोबर काय येते ते शोधणे. यांचे उपयोग किराणा दुकानापासून इस्पितळापर्यंत सगळीकडे आहेत. पण प्रत्येक ठिकाणी काही साधे प्रश्न विचारावे लागतात. मी चार निवडले आहेत.

प्रश्न पहिला : इतके टक्के, पण कशाच्या तुलनेत?

असोसिएशनचा प्रसिद्ध अल्गोरिदम म्हणजे आप्रायोरी. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी तो १९९४ साली मांडला. दुकानाच्या पावत्या घेऊन ‘हे घेणारा तेही घेतो’ असे नियम तो काढतो. समजा, एका किराणा दुकानाच्या १००० पावत्या आहेत. २०० पावत्यांवर चहा पावडर आहे, ७०० वर दूध आहे आणि १३० वर दोन्ही आहेत. म्हणजे चहा घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोक दूध घेतात. वा, काय नियम सापडला! पण थांबा. दुकानात येणाऱ्यांपैकी ७० टक्के लोक तसेही दूध घेतातच. म्हणजे चहा घेणारा उलट किंचित कमीच दूध घेतो. ६५ ला ७० ने भागले की ०.९३ येते, यालाच लिफ्ट म्हणतात. लिफ्ट एकपेक्षा कमी असेल तर तो नियम फळ्यावरून पुसून टाकावा.

याच दुकानात पोहे २०० पावत्यांवर, शेंगदाणे ३०० वर आणि दोन्ही १२० वर असतील तर? पोहे घेणाऱ्यांपैकी ६० टक्केच शेंगदाणे घेतात, आकडा आधीपेक्षा लहान. पण एरवी ३० टक्केच लोक शेंगदाणे घेतात, म्हणून लिफ्ट येते २. हा नियम दुकानदाराच्या कामाचा.

बँकेचे उदाहरण याहून बोलके आहे. क्रेडिट कार्डावरील फसवणूक ओळखण्यासाठी विद्यार्थी एक डेटासेट हमखास वापरतात. त्यात युरोपातील कार्डधारकांचे सप्टेंबर २०१३ मधले दोन दिवसांचे २,८४,८०७ व्यवहार आहेत आणि त्यातले फक्त ४९२ फसवणुकीचे. आता एक ओळीचा प्रोग्रॅम लिहा : ‘सगळे व्यवहार चांगले आहेत.’ अचूकता किती? ९९.८२ टक्क्यांच्या वर! आणि पकडलेले चोर किती? शून्य. म्हणून अशा ठिकाणी नुसती अचूकता न सांगता, खऱ्या चोरांपैकी किती पकडले आणि पकडलेल्यांपैकी खरे चोर किती, हे दोन आकडे सांगायचे असतात. रिकॉल आणि प्रिसिजन म्हणतात ते हेच.

प्रश्न दुसरा : ही माहिती जमली कशी?

१९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. कोणाला दाखल करावे आणि कोणाला औषधे देऊन घरी पाठवावे हे ठरवायला संगणकाची मदत घ्यायची होती. रिच कारुआना यांनी त्यासाठी न्यूरल नेटवर्क तयार केले आणि अचूकतेत ते सर्वांत सरस ठरले. पण त्याच माहितीवर शिकलेल्या दुसऱ्या, नियम वाचता येतील अशा पद्धतीने एक विचित्र नियम काढला : दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मृत्यूचा धोका कमी!

कोणताही डॉक्टर हे ऐकून चक्रावेल. पण संगणक खोटे बोलत नव्हता. माहितीत खरेच तसे होते. कारण दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत. तिथल्या उपचारांमुळे असे रुग्ण वाचत. संगणकाला फक्त ‘वाचले’ एवढे दिसले, ‘का वाचले’ हे दिसले नाही. त्याचे ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवले असते तर? न्यूरल नेटवर्कच्या पोटात असेच आणखी काय दडले असेल ते पाहता येत नव्हते. म्हणून ते सर्वांत अचूक असूनही वापरले नाही, त्याऐवजी कमी अचूक पण समजणारी साधी पद्धत घेतली. २०१५ साली कारुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा प्रकार शोधनिबंधात लिहिला. आपण सर्वांनी तो एकदा तरी वाचावा असे मला मनापासून वाटते.

प्रश्न तिसरा : जग बदलले तर?

२००८ साली गूगलने फ्लू ट्रेंड्स नावाची सेवा सुरू केली. लोक फ्लूसंबंधी काय शोधतात यावरून साथ किती पसरली आहे ते सरकारी आकड्यांच्या आधी सांगायचे, अशी कल्पना. कल्पना सुंदरच होती. पाच कोटी शोध-शब्दांतून आधीच्या आकड्यांशी जुळणारे ४५ निवडले होते. आता इतक्या शब्दांत काही केवळ योगायोगाने जुळणारच, नाही का? फ्लू हिवाळ्यात येतो आणि हिवाळ्यात लोक इतरही बरेच काही शोधतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लू भलत्याच ऋतूत आला तेव्हा पद्धत चुकली. दुरुस्ती झाली, पण पुढे तिचे अंदाज सतत जास्त येऊ लागले. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे अंदाज जास्त निघाल्याचे २०१४ च्या एका शोधनिबंधात दाखवले आहे. २०१५ साली ही सेवा बंद झाली. मॉडेल एकदा बसवले की झाले, असे नसते. गाडीसारखे त्याचेही सर्व्हिसिंग लागते.

प्रश्न चौथा : खरे उत्तर यादीतच नसेल तर?

आता मामाच्या शेताकडे वळू. मे महिन्यात मी आमचे ॲप त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिले आणि पुण्याला परत आले. आठ-दहा दिवसांनी पुन्हा गेले तर टोमॅटोची पाने चाळणीसारखी झालेली. मामाने ॲपवर फोटो काढले होते. उत्तर आले होते : ‘उशिरा येणारा करपा, ९७ टक्के.’ मामाने बुरशीनाशक आणून दोनदा फवारले. पण ती बुरशी नव्हतीच. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा होत्या. नागअळी! अळीला बुरशीनाशकाने काय होणार?

मी म्हणाले, “मामा, नागअळी तर तुम्ही लांबून ओळखता. मग हे का फवारलंत?”

मामा हसून म्हणाला, “अगं, मला पहिल्या दिवसापासून वाटतच होतं. पण तुझ्या मोबाईलनं ९७ टक्के सांगितलं. म्हटलं पोरगी इंजिनिअर झाली, आता आपल्या डोळ्याचं काय घेऊन बसलोय!”

तो रागावला असता तर बरे वाटले असते. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि अळीला आयते आठ दिवस मिळाले. शिवाय वीस वर्षे टोमॅटो पिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या नजरेवरचा विश्वास माझ्या एका आकड्यासाठी बाजूला ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

परत येऊन डेटासेट पुन्हा उघडला. आम्ही प्लँटव्हिलेज हा जगभर वापरला जाणारा फोटोसंग्रह घेतला होता. त्यात १४ पिकांचे ५४,३०६ फोटो, ३८ गटांत. टोमॅटोचे गट दहा : नऊ रोग-किडींचे आणि एक निरोगी पानाचा. त्या दहांत नागअळी नाहीच! आमचे मॉडेल दहांतले एक उत्तर देणारच, कारण शेवटच्या थरात दहाही शक्यतांची बेरीज १०० टक्के होते. म्हणजे ऑब्जेक्टिव्ह पेपरमध्ये बरोबर पर्याय छापलाच नाही आणि प्रश्न सोडायलाही परवानगी नाही, अशी गत. ९७ टक्क्यांचा अर्थ ‘हा करपा असण्याची शक्यता ९७’ असा नव्हता, तर ‘या दहांतून निवडायचेच असेल तर करपा’ एवढाच होता. आम्हाला तो माहीत नव्हता, मामाला कुठून असणार?

दुसरी गोष्ट त्याहून लाजवणारी. या संग्रहातली पाने तोडून, साध्या कागदावर ठेवून फोटो काढलेले आहेत. शेतात मागे माती, ऊन, सावली, इतर पाने. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी याच संग्रहावर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली, हेही त्यांनी त्याच निबंधात प्रामाणिकपणे लिहिले आहे. आम्ही पहिला आकडा वाचला आणि दुसऱ्याकडे डोळेझाक केली. २०२२ साली तर एका अभ्यासात पानाकडे न बघता, फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल देऊन मॉडेल शिकवले. तरी ३८ गटांत ४९ टक्के उत्तरे बरोबर आली! नुसत्या अंदाजाने २.६ टक्के यायला हवी होती. म्हणजे मॉडेल रोग शिकते की मागचा कागद, हेच आधी तपासायला हवे.

मग काय करायचे?

आम्ही रिझल्ट लागल्यानंतर काम पुन्हा केले. मार्कांसाठी नाही, मामासाठी. मामाच्या आणि आजूबाजूच्या शेतांत जाऊन फोटो काढले. एका शेतातले सगळे फोटो एकतर शिकवायला वापरले किंवा तपासायला, दोन्हीकडे नाही. नाहीतर तेच झाड दोन्हीकडे येते आणि मार्क फुकट वाढतात. नागअळीचा गट घातला. ‘यातले काहीच नाही’ असाही एक गट केला. अचूकता ९८ वरून ७० च्या घरात आली. पण हे ७० खऱ्या शेतातले होते.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र कोणत्याही अल्गोरिदमने झाली नाही. मामा एकदा फोटो काढताना बघत होता. म्हणाला, “वरूनच काय फोटो काढताय? पान उलटं करून बघा की.” लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतो. उशिरा येणाऱ्या करप्याची पांढरी बुरशीही दमट हवेत खालच्या बाजूलाच दिसते. आमच्या चौघांच्या डोक्यात हे वर्षभरात आले नव्हते, कारण आम्ही कधी कोणा शेतकऱ्याला विचारलेच नव्हते.

तेव्हा ज्युनियर मित्रमैत्रिणींनो, विषय कोणताही घ्या, पीक, आजार, बँक वा एसटीचे वेळापत्रक. डेटासेट डाउनलोड करण्याआधी ते काम रोज करणाऱ्या माणसाकडे एक दिवस बसा. तुमचा प्रोग्रॅम चुकला तर नुकसान कोणाचे आणि किती, हे त्याला विचारून वहीत लिहा. आणि ॲपमध्ये ‘मला माहीत नाही’ म्हणायची सोय ठेवा. व्हायवाला एक्स्टर्नलनी अचूकता विचारली तर आकडा जरूर सांगा. पण तो कोणत्या फोटोंवरचा, हेही न विचारता सांगा.

मामाच्या मोबाईलमध्ये आमचे ॲप अजून आहे. परवा फोन आला होता. म्हणाला, “आज तुझ्या ॲपला विचारलं, ते ‘माहीत नाही’ म्हणालं. मग मीच बघितलं पान उलटं करून. आता कसं शहाण्यासारखं वागतंय!”