तेरची माती काय सांगते?

धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण ते ओळखतो. चैत्रात तिथे यात्रा भरते. लांबलांबून वारकरी येतात आणि समाधीवर माथा टेकतात.

पण गोरोबाकाकांच्याही आधी बाराशे वर्षं हे गाव नांदतं होतं. तेव्हा त्याचं नाव होतं तगर.

हे कशावरून कळलं? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिलं गेलं. कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो, हे व्यापाऱ्यांना समजावं म्हणून ते लिहिलेलं होतं. त्यात पैठणचं नाव आहे आणि तगरचंही आहे. तगर हे पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर आहे, असं त्यात सांगितलं आहे. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई. वाट धड नव्हती, तरी गाड्या जात होत्या. भडोचहून गलबतं तो माल परमुलखात नेत. तिकडून मद्य, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत.

हे तगर नेमकं कुठलं, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हणे, तर कोणी जुन्नर म्हणे. 1901 साली फ्लीट नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिलं, की तगर म्हणजेच आपलं तेर. बोलता बोलता शब्द झिजतो. तगरचं तेर झालं ते असंच.

पुढे 1958 साली तेरला शास्त्रीय पद्धतीने उत्खनन झालं. नंतरही काही वेळा झालं. सातवाहन राजांच्या काळातल्या वस्तू निघाल्या. मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या, विटांचं बांधकाम निघालं. रोमन नाण्यांसारखा छाप असलेली मातीची पदकं मिळाली. पांढऱ्या मातीच्या बाहुल्याही मिळाल्या. त्या दोन साच्यांत केलेल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात काढायचा, मागचा दुसऱ्यात. मग दोन्ही जोडायचे. बाहुली आतून पोकळ राहते आणि वजनाला हलकी होते.

तेरला एक हस्तिदंती बाहुलीही मिळाली. ती एका स्त्रीची मूर्ती आहे. अगदी तशाच घडणीची मूर्ती इटली देशात पाँपेई गावी सापडली. हे गाव इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेखालून 1938 साली ही मूर्ती निघाली. म्हणजे आपल्या मुलखातल्या कारागिराचं काम त्या काळी समुद्रापार पोचलं होतं. त्या कारागिराचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. त्याचं काम तेवढं उरलं.

तेरमध्ये त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. हा मुळात बौद्धांचा चैत्य होता, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे तिथे विष्णूची पूजा सुरू झाली. पूजा बदलली, पण लोकांनी वास्तू मोडली नाही. म्हणून ती आज आपल्याला पाहायला मिळते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरात मडक्यांची उतरंड असते. सगळ्यांत खालचं मडकं आधी ठेवलेलं असतं, वरचं नंतर. जुन्या गावाच्या मातीचंही तसंच आहे. खालचा थर जुना, वरचा थर नवा. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, यावरून तिचं वय समजतं. उतरंड कोसळली तर खालचं कोणतं आणि वरचं कोणतं, हे कसं कळणार?

आपल्याकडे धाब्याच्या घरांवर घालायला लोक पांढरीची माती नेत आले आहेत. ही पांढरी म्हणजेच जुन्या वस्तीची जागा. एक गाडी माती उचलली, की तिच्यासोबत दोन हजार वर्षांची उतरंड मोडते. धनाच्या आशेने खणणाऱ्यांनीही फार नुकसान केलं आहे. धन सापडत नाही आणि इतिहास मात्र जातो.

तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी याच्या उलट केलं. शेतात, ओढ्याकाठी, उकिरड्यावर लोकांना जे जे सापडे, ते त्यांनी जमवलं. लोकांना जी खापरं वाटत, ती त्यांनी जपून ठेवली. पुढे हा हजारो वस्तूंचा संग्रह सरकारकडे आला. आज तेरला त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. वस्तू कोणत्या थरातल्या, हे त्यातल्या पुष्कळ वस्तूंबाबत आता कळणार नाही. पण त्यांनी जमवल्या नसत्या तर वस्तूच उरल्या नसत्या.

मग आपण काय करावं? नांगरताना जुनी मूर्ती, नाणं किंवा विटांची भिंत लागली तर तिथेच थांबावं. वस्तू घासू नये, फोडू नये आणि विकू तर मुळीच नये. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवावं. जमिनीत गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. त्याचा कायदा 1878 सालचा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तू परदेशी नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे.

गोरोबाकाका थापटण्याने मडकं कच्चं की पक्कं ते ओळखत, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्यांच्याच गावच्या मातीत आपल्या पूर्वजांचं पक्कं भाजलेलं काम पडून आहे. ते दोन हजार वर्षं टिकलं. आपल्या हातून ते फुटू नये.

सांगा पाहू :
1. तगरहून कोणता माल भडोचला जाई?
2. जमिनीचे थर उतरंडीसारखे असतात, ते कसे?
3. तुमच्या गावची पांढरी कुठे आहे? तिथे काय दिसतं?