झाडांच्या गर्दीतून चकती

सेमाडोहच्या जंगलात उभे राहून एखादी वस्तू नाकासमोर सरळ भिरकावली, तर ती किती लांब जाईल? प्रश्न दंडातील ताकदीचा नाही. ताकद कितीही असो, समोर साग उभा आहे, सागाच्या मागे धावडा आहे आणि धावड्याच्या आडून ऐन डोकावतो आहे. वस्तू कुठे अडेल हे तुमचा हात ठरवणार नाही, जंगल ठरवणार. मग ते आधी हिशेबाने सांगता येईल का? येते, आणि तो हिशेब सोपा आहे. पण त्याआधी एका खेळाची ओळख करून घेऊ, कारण हा प्रश्न त्या खेळातल्या प्रत्येक खेळाडूला पडतो.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवत खळग्यात घालतात. येथे चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती असते आणि खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आदळली की तिचा जोर मोडतो आणि ती खाली टोपलीत पडते. बऱ्याच मैदानांवर अशा १८ टोपल्या असतात. चकती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची आणि सगळ्या टोपल्या कमीत कमी फेकींत पुऱ्या करायच्या. अमेरिकेतील एड हेड्रिक या माणसाने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. आज फिनलंडमध्ये अशी शेकडो मैदाने आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी पाइन आणि स्प्रूसच्या जंगलात आहेत. जंगलातले मैदान अवघड समजतात. मोकळ्या माळावर शंभर मीटरांच्या पुढे चकती नेणारा खेळाडू तेथे वीस मीटरांवरच्या खोडाला चकती मारून डोक्याला हात लावतो.

आता चकती उडते कशी ते पाहू. फेकलेली चकती पुढची कड जराशी उचलून हवेत शिरते आणि हवेला खाली ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा तिला वर ढकलते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की, चकतीचा कल तोच राहिला तर, उचल एकचतुर्थांश उरते. डिस्क गोल्फची चकती सुमारे २१ सेंटिमीटर रुंद आणि पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत वजनाची असते. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग असला म्हणजे थोड्याशा कलावरही ही उचल तिचे वजन तोलून धरते.

पण नुसती उचल पुरत नाही. जेवणाची थाळी न फिरवता पुढे ढकलून पाहा (आईची परवानगी घेऊन, आणि स्टीलची नको, पुठ्ठ्याची घ्या). ती लगेच उलटते. हवेचा रेटा थाळीच्या बरोबर मध्यावर लागत नाही म्हणून असे होते. तो मध्याच्या पुढे लागला तर पुढची कड वर उसळते, मागे लागला तर मागची. थाळी गरगर फिरत असली की मात्र गंमत होते. फिरणाऱ्या वस्तूला एका जागी रेटा दिला, तर त्याचा परिणाम त्या जागी न दिसता फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे दिसतो. याला शास्त्रज्ञ परांचन म्हणतात. तुमचा भोवरा कलला तरी पडत नाही, डोके गोल घुमवत राहतो, तेही याच कारणाने. खात्री करायची असेल तर सायकलच्या दुकानातून सुटे चाक मागून घ्या, आस दोन्ही हातांनी धरा, मित्राला चाक जोरात फिरवायला सांगा आणि मग आस वाकवून पाहा. तुम्ही एकीकडे वाकवाल, चाक भलतीकडेच जाईल.

आता उजव्या हाताने, छातीजवळून बाहेर अशी फेकलेली चकती घ्या. वरून पाहिले तर ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. सुरुवातीला वेग भरपूर असतो आणि चकती जवळजवळ सपाट असते. तेव्हा हवेचा रेटा मध्याच्या मागे पडतो. म्हणजे मागची कड उचलली जायची, पण पाव फेऱ्याच्या नियमाने उचलली जाते ती डावी कड, आणि चकती किंचित उजवीकडे झुकते. पुढे वेग उतरतो, चकती खाली येऊ लागते, हवा तिला अधिक खालून भिडते आणि रेटा मध्याच्या पुढे सरकतो. आता पुढच्या कडेऐवजी उजवी कड वर जाते, म्हणून चकती डावीकडे वळून पडते. एकाच फेकीत आधी थोडे उजवे आणि शेवटी डावे, असे नागमोडी वळण! डावखुऱ्याचे सगळे उलट. कड जितकी पातळ आणि धारदार तितकी चकती वेगाने जाते, पण शेवटचे वळणही जोरात घेते. जाड, बोथट कडेची चकती हळू आणि बरीच सरळ जाते. जंगलात शहाणा खेळाडू बहुधा बोथट कडेची चकती काढतो. नवखा मात्र लांब जाणारी काढतो आणि मग ती झुडपात शोधत बसतो.

फट केवढी आहे हेही पाहावे लागते. दोन खोडांत २ मीटरांची फट आहे असे धरा. ती तुमच्यापासून १० मीटरांवर असेल, तर चकतीची रुंदी वजा जाता फेक डावी-उजवीकडे सुमारे ५ अंश चुकली तरी खपते. तीच फट ३० मीटरांवर असली तर पावणेदोन अंशांपलीकडे चूक चालत नाही. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा. ती साधारण एक अंश झाकते. यावरून ३० मीटरांवरच्या फटीतून चकती काढणे म्हणजे काय, याची कल्पना येईल.

आता आपला पहिला प्रश्न. समजा, जंगलात हेक्टरी ४०० झाडे आहेत, म्हणजे १०,००० चौरस मीटरांत ४००, म्हणजे दर चौरस मीटरला ०.०४. खोडाची जाडी सरासरी ३० सेंटिमीटर धरू. चकतीची रुंदी २१ सेंटिमीटर. चकती पुढे जाताना जमिनीवर जणू एक पट्टा आखत जाते. खोडाचा मध्य या पट्ट्यात आला की टक्कर. पट्ट्याची रुंदी किती? २१ नव्हे. खोडाची नुसती कड आडवी आली तरी टक्कर होतेच, म्हणून ३० + २१ = ५१ सेंटिमीटर. ०.५१ मीटर रुंद पट्ट्यात सरासरी एक झाड यायला पट्टा किती लांब हवा? १ भागिले (०.०४ × ०.५१), म्हणजे सुमारे ४९ मीटर. झाडे हजार धरली तर हे अंतर २० मीटरांच्याही आत येते.

हे सरासरी अंतर आहे हे विसरू नका. पहिल्या जंगलात न बघता शंभर फेकी केल्या, तर सुमारे ८१ फेकी १० मीटर निर्वेध जातील, ५४ फेकी ३० मीटर जातील आणि पुरे ४९ मीटर फक्त ३७ गाठतील. तुम्ही वरच्या वर्गात गेलात की हेच गणित पुन्हा भेटेल, पण तेथे झाडांच्या जागी हवेचे रेणू असतील. एक रेणू दुसऱ्यावर आदळेपर्यंत सरासरी किती अंतर जातो, हे जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस याने १८५८ साली अशाच विचाराने मांडले. त्याला मध्य मुक्त पथ म्हणतात.

चकतीच्या ऐवजी नजर फेकली तर? नजरेला रुंदी नाही, म्हणून पट्टा ३० सेंटिमीटरचाच राहतो आणि अंतर येते १ भागिले (०.०४ × ०.३), म्हणजे ८३ मीटर. यात बांबू, झुडपे आणि सागाची हातभर पाने धरलेली नाहीत. ती धरली की अंतर झपाट्याने उतरते. पावसाळ्यात सेमाडोहचे रान गच्च भरते आणि उन्हाळ्यात साग निष्पर्ण झाला की तेच रान आरपार दिसू लागते. झाडे तेवढीच, पण नजरेचा मुक्त पथ बदलला. वाघ पाहायला येणाऱ्यांनी हे गणित अवश्य करावे.

सेमाडोहमध्ये प्रत्यक्ष चकती फेकायची मात्र नाही. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेले हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येते. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. तेथे रान प्राण्यांचे आहे. शिवाय खेळाने झाडांचे नुकसानही होते. चकतीच्या कडेने साल फुटते, जखमेतून बुरशी आणि किडे शिरतात. ठरलेल्या जागी सतत पावले पडून माती दबली की मुळांना हवा-पाणी कमी मिळते. म्हणून जुन्या मैदानांवर टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलाव्या लागतात, फेकीच्या वाटेवरची खोडे झाकावी लागतात.

आणि या रानात चकत्या नाहीत असे थोडेच आहे! बिबळा म्हणजेच बिजा हे झाड पाहा. त्याची शेंग शेंगेसारखी दिसतच नाही. ती असते वाटोळी, चपटी, चार-पाच सेंटिमीटर रुंदीची चकती. मधोमध बी आणि भोवती पातळ पंख. तिला गरका द्यायला हात नसतो, म्हणून ती खेळाडूच्या चकतीसारखी स्थिर उडत नाही. ती हेलकावे खाते, कोलांट्या घेते. पडणारा कागद असा का कोलांटतो, याचा विचार मॅक्सवेलने १८५४ साली एका लेखात केला होता. बिजाला लांब जायचे असते, नेम धरायचा नसतो. मातेच्या सावलीबाहेर पडले, थोडे ऊन मिळाले की त्याचे काम झाले. पण खोडे त्यालाही अडवतातच. म्हणून वाऱ्याच्या झोतात सुटलेल्या बियांपैकी किती कुठवर पोचतील, याला आपलाच पट्ट्याचा हिशेब काही अंशी लागू पडतो.

तुमच्या गावाबाहेर आपोआप वाढलेली झाडी असेल तर एक प्रयोग करा. मध्ये उभे राहा, डोळे मिटून गिरकी घ्या, थांबाल त्या दिशेला पहिले खोड किती पावलांवर आहे ते मोजा. असे वीस वेळा करा आणि सरासरी काढा. दहा-बारा खोडांचा घेर दोरीने मोजा आणि त्याला ३.१४ ने भागून जाडी काढा. आता १ भागिले (सरासरी अंतर × जाडी) केले की दर चौरस मीटरला झाडे किती ते मिळेल. अंतर आणि जाडी दोन्ही मीटरमध्ये घ्या. मग २० मीटर लांब-रुंद चौकोन आखून झाडे खरोखर मोजा आणि ताळा पाहा. अचलपूर-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत मात्र हा प्रयोग फसेल. तेथे झाडे ओळीने लावलेली असतात. ओळीतून पाहाल तर नजर थेट बांधापर्यंत जाईल, तिरपे पाहाल तर चौथ्या-पाचव्या झाडाशीच अडेल. आपले गणित झाडे कशीही विखुरलेली आहेत असे धरून केलेले आहे. ओळीतल्या झाडांसाठी काय बदल करावा लागेल, ते वहीत आकृती काढून शोधा.