परतीची लाँच आधी ठरव

मनू, वासोट्याला जायचं ठरवलंस ते फार बरं केलंस. बूट, टॉर्च, चादर यांची यादी झालीच असेल. मी यादीत नसलेलं सांगते.

आधी वेळेचं. साताऱ्यापर्यंत एसटी, पुढे कासवरून बामणोली आणि तिथून शिवसागर जलाशयातून लाँच. पलीकडे कोयना अभयारण्य. तिथे मुक्कामाची परवानगी नाही, म्हणून तंबू टाकायचा तो बामणोलीच्या काठालाच. लाँच अंधाराआधी परतायला हवी. तेव्हा लाँचवाल्याला परतीची वेळ विचार, तिथून उलटं मोजत ये आणि माथा गाठला नसला तरी कितीला मागे फिरायचं ते गडाच्या पायथ्यालाच ठरव. "अजून दहाच मिनिटं" म्हणणारी एकजण प्रत्येक गटात असते. ती तू होऊ नकोस. 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफा खाऊनही किल्ला जागचा हलला नाही, पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

लाँच अख्खी घ्यावी लागते, म्हणून आठ-दहाजणी जमव. पावसाळ्यात जंगल बंद असतं, दिवाळीनंतर जा. आणि आपलं सोलापूर पडलं सपाट, तेव्हा आतापासूनच पाठीला पिशवी लावून जिने चढ-उतर कर. उतारावर गुडघे जास्त बोलतात.

आता आईसमोर न बोलायचं. आडोसा मिळेल का या धास्तीनं आपण मुली पाणीच पीत नाही, आणि मग चढावर डोकं गरगरतं. तसं करू नकोस. मैत्रिणीला पहाऱ्याला उभी कर आणि निवांत जा. पाळीची तारीख जवळ असो-नसो, पॅड घे. वापरलेलं कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घाल आणि परत आण. जंगलात काही टाकायचं नाही. वनखातं प्लास्टिकची मोजदाद करतं ते उगीच नाही.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी ने. दोन दिवस बिघडत नाही, बिस्किटांपेक्षा पोटालाही धरते.

राहिले बाबा. "पोचले की फोन करते," असं चुकूनही म्हणू नकोस. जंगलात रेंजचा भरवसा नाही, आणि तुझा फोन आला नाही की ते गाडी काढतील. बामणोलीला परतल्यावर रात्री आठपर्यंत फोन करेन असं सांग, लाँचवाल्याचा नंबर लिहून दे. तरी नाहीच म्हणाले, तर मला कळव. मी बोलते त्यांच्याशी.