परसातला विस्तव आणि दारातली ट्रॉली

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसं धारूर, वडवणी, पाटोद्याकडं परततात. दारापुढं बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या उभ्या राहतात. बंद घर झाडलं जातं. कचरा आणि पऱ्हाट्या परसात पेटवल्या जातात.

"परस आमचं, आम्हाला कोण विचारणार?" असं कुणी म्हणेल. पण ऊन तापलेलं, वारा सुटलेला. ठिणगी शेजारच्या कडब्याच्या गंजीवर पडली, की वर्षाची वैरण घटकेत जाते. बंब तालुक्याहून यायचा. तोही बोळाच्या तोंडाशी अडतो, कारण वाटेत ट्रॉली आडवी.

म्हणून कायदा दोन्हीकडं पाहतो. गावातल्या रस्त्यावरची अडचण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याच्या ५३ व्या कलमानं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. रस्त्यात अडथळा केला तर तिच्या २८५ व्या कलमानं ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. विस्तवाची हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर २८७ वं कलम लागतं. मग ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्हाला तर दंडापेक्षा त्या वैरणीचीच काळजी जास्त.

कचरा जाळू नये, खड्ड्यात टाकावा. त्याचं खत होतं. चुलीची राख उकिरड्यावर टाकण्याआधी पाणी ओतावं. राखेखालचा निखारा रात्रभर जिवंत राहतो बरं! ट्रॉलीला दारी जागा नसेल, तर ग्रामसभेत गावाबाहेरची जागा मागावी. ट्रॅक्टरची किल्ली कुठं टांगली आहे, हे घरातल्या बायामाणसांनाही ठाऊक असावं. आग दिसताच ११२ नंबरला फोन करावा.